पितळ आणि पांढरा धूर



मराठी भाषेने पितळेवर थोडा अन्याय केला आहे. एखाद्याचे ढोंग बाहेर आले की आपण म्हणतो, त्याचे पितळ उघडे पडले. वर सोन्याचा मुलामा आणि आत पितळ, असा त्यातला भाव. म्हणजे पितळ हे खोटेपणाचेच नाव होऊन बसले. पण आज घरी गेल्यावर न्हाणीघरातल्या चकचकीत नळाकडे जरा पाहा. ती चकाकी क्रोमची असते आणि ती केसाहून पातळ असते. नळ चांगला असेल तर तो मुलामा जिथे झिजेल तिथे आत पितळच दिसेल, आणि पाण्याचा दाब सोसण्याचे खरे काम तेच करीत असते. विजेच्या प्लगच्या पिना, कुलपाचा गाभा, गॅसच्या शेगडीच्या तोट्या, मोटारीच्या चाकात हवा भरायची वॉल्व्ह, या साऱ्या ठिकाणी बहुधा पितळच असते. येथे पितळ उघडे पडले तर लाज वाटायचे कारण नाही. उलट माल खरा आहे असे समजावे.

मी धातुशास्त्रज्ञ नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, ओतकामाच्या कारखान्यात लागलो, आणि पुढे कामगार संघटनेचे काम करता करता वाचनालयात जे हाती लागले ते वाचत गेलो. तेव्हा ‘यंत्रयुगातील पितळ’ या विषयावर मी जे बोलणार ते भट्टीच्या बाजूने पाहिलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पितळेचा सगळा इतिहास एका वाफेभोवती फिरतो. ज्याने ती वाफ धरली त्याला पितळ साधले. पण जी वाफ धरली गेली नाही ती कुठे गेली, हा प्रश्न शोधांच्या इतिहासात सहसा कोणी विचारीत नाही. तो आज आपण विचारू.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त ४२० अंशांना वितळते, आणि ९०७ अंशांना चक्क उकळते. या तीन आकड्यांतच सारी अडचण भरलेली आहे. जस्ताची माती, म्हणजे खनिज, कोळशाबरोबर तापवली तर त्यातून जस्त सुटू लागण्यासाठी सुमारे हजार अंशांची आच लागते. म्हणजे जस्त जन्माला येते तेच वाफेच्या रूपाने. लोखंड किंवा शिसे जसे भट्टीच्या तळाशी साचते तसे ते साचत नाही. वाफ वर येते, हवेला लागते आणि क्षणात जळून पांढरी भुकटी होते. भट्टी लावणाऱ्याला धूर दिसतो, धातू दिसत नाही. म्हणून जगाला पितळ आधी मिळाले आणि जस्त हा स्वतंत्र धातू पुष्कळ नंतर कळला.

जस्त ठाऊक नसताना पितळ कसे केले? युक्ती साधी होती. तांब्याचे बारीक तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळशाची पूड एका मुशीत भरायची, तोंड बंद करायचे आणि तांबे वितळणार नाही पण जस्ताची वाफ सुटेल एवढीच आच ठेवायची. वाफेला पळायला वाट नसते. ती तांब्यात मुरते आणि तांबडा धातू पिवळा होतो. रोमन लोकांनी याच रीतीने पितळ केले आणि सम्राट ऑगस्टसच्या काळापासून त्याची नाणी पाडली. या रीतीला एक मर्यादा होती. तांबे फार तर शंभरात अठ्ठावीस-तीस भाग जस्त पिऊ शकते. शिवाय किती प्यायले हे मूस फोडल्यावरच कळणार. कारागिराच्या हातात अंदाज होता, प्रमाण नव्हते.

ही वाफ थंड करून तिचा धातू मोठ्या प्रमाणावर गोळा करण्याची करामत आपल्या देशात झाली. राजस्थानात उदयपूरजवळ जावर नावाचे ठिकाण आहे. तेथील भट्ट्यांचे उत्खनन १९८३ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केले. त्यातून जे दिसले ते पाहण्यासारखे आहे. वांग्याच्या आकाराची मातीची पात्रे, त्यांत खनिज भरलेले, आणि तोंडाला मातीची नळी. पात्र भट्टीत उलटे लावायचे. नळी खालच्या जाळीतून बाहेर, थंड खोलीत. एका भट्टीत अशी ३६ पात्रे. वर जाळ आणि खाली गारवा, त्यामुळे वाफेला वर जायला वावच नाही. ती खाली उतरते, थंड होते आणि धातू होऊन ठिबकते. पात्र उलटे केल्यावर आतला माल खाली पडू नये म्हणून नळीत एक काडी घालीत. तापल्यावर माल आवळून बसे, काडी जळून जाई आणि तिच्याच जागी वाफेला वाट होई. ज्या माणसाला प्रथम ही काडी सुचली, त्याला मी मोठा इंजिनियर म्हणतो.

तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा ‘रसरत्नसमुच्चय’ हा संस्कृत ग्रंथ या तऱ्हेच्या उपकरणाचे वर्णन करतो, आणि पितळेच्या दोन जातीही सांगतो. पण जावरच्या भट्ट्या लावणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव मागे राहिले नाही. मागे राहिले ते वापरून टाकलेल्या पात्रांचे डोंगर. ती पात्रे इतकी होती की तेथील लोकांनी ती रचून घरांच्या भिंती उभारल्या. शतकानुशतकांच्या श्रमाचा एवढा ढीग डोळ्यांपुढे असताना नाव मात्र एकाचेही नसावे, हे मनाला लागते.

पूर्वेकडचे हे जस्त पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून युरोपात जाऊ लागले. तिकडे त्याला ‘तुतेनाग’ अशासारखे नाव पडले होते. कोशकारांनी या शब्दाचा माग आपल्या मराठीपर्यंत, तसाच तमिळपर्यंतही नेलेला आहे. युरोपात जस्त गाळण्याची पहिली मोठी खटपट इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे विल्यम चँपियन याने केली. त्याला १७३८ मध्ये पेटंट मिळाले. त्याची रीतही वाफ खाली उतरवण्याचीच होती. जावरच्या रीतीशी तिचे साम्य इतके आहे की पूर्वेची माहिती त्याच्या कानी गेली असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. चँपियनचे १७६९ मध्ये दिवाळे वाजले, पण रीत टिकली. १७८१ मध्ये जेम्स इमर्सन याने शुद्ध जस्त आणि तांबे सरळ एकत्र वितळवून पितळ करण्याचे पेटंट घेतले. ब्रिस्टलच्या या भरभराटीची दुसरी बाजूही विसरता कामा नये. तेथील पितळेच्या भांड्यांचा आणि कड्यांचा मोठा भाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, आणि त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात.

इमर्सनच्या रीतीने जो बदल झाला तो असा. आता जस्त तराजूत तोलून घालता येऊ लागले. अंदाजाच्या जागी प्रमाण आले, आणि प्रमाण आले तशी यंत्रांची मागणी पुरवणारी पितळेची निरनिराळी कुळे जन्मली. त्यांतली तीन आपण पाहू.

पहिले कूळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्ताचे. जस्त सुमारे सदतीस टक्क्यांच्या आत असेल तोवर पितळ थंडपणीच ओढता येते, ठोकता येते, वाटेल तसे वाकवता येते. बंदुकीच्या काडतुसाचे घर यातलेच. एक सपाट चकती घ्यायची, दाबून तिची वाटी करायची, वाटीचा पेला करायचा, पेल्याची नळी करायची. मधूनमधून तापवून धातूला विसावा द्यायचा. एवढी ओढाताण सोसूनही तो फाटत नाही.

दुसरे कूळ साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्ताचे. हे थंडपणी ताठर असते, पण लाल तापवले की लोण्यासारखे वळते. जॉर्ज फ्रेडरिक मंट्झ या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने १८३२ मध्ये या प्रमाणाचे पेटंट घेतले. तेव्हाच्या लाकडी जहाजांचे तळ समुद्रातले किडे पोखरीत, म्हणून तळाला तांब्याचा पत्रा मारीत. मंट्झचा पत्रा स्वस्त पडे, कारण तांब्यापेक्षा जस्ताची किंमत कमी. १८६९ मध्ये पाण्यात उतरलेले ‘कटी सार्क’ हे चहाची ने-आण करणारे प्रसिद्ध जहाज याच धातूने मढवलेले होते. पुढे १८९४ मध्ये अलेक्झांडर डिक याने तापलेली पितळेची लगड जबर दाबाने साच्याच्या भोकातून रेटून लांबच लांब सळ्या काढण्याचे यंत्र पुढे आणले. आपल्याकडे शेव सोऱ्यातून पाडतात तशीच ही रीत. भोक षट्कोनी केले की षट्कोनी सळई मिळते. आजचे नट, बोल्ट, नळाचे भाग याच सळ्यांतून कातले जातात.

तिसरे कूळ म्हणजे या साठ-चाळीसच्या पितळेत दोन-तीन टक्के शिसे घातलेले. लेथवर काम केलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही. मऊ पोलाद कातताना छिलका सापासारखा लांब निघतो, हत्याराला वेटोळे घालतो, हात कापतो. शिसे असलेल्या पितळेचा छिलका रव्यासारखा तुटून पडतो. हत्यार थंड राहते, आटे लख्ख पडतात आणि वेळ वाचतो. तांब्याच्या मिश्रधातूंत कोणता किती सहज कातला जातो याची तुलना करताना यंत्रशाळावाले याच जातीच्या पितळेला शंभर गुण देतात आणि बाकीच्यांना त्यावरून मोजतात. पडलेला चुरा फुकट जात नाही, परत मुशीत जातो. गुजरातेतील जामनगरला जे हजारो लहान-मोठे कारखाने पितळेचे सुटे भाग बनवतात, त्यांचा बराच कच्चा माल ही मोडच असते.

गंजत नाही, पोलादाच्या दांड्यावर कमी घासते, ठिणगी पाडत नाही, वीज आणि उष्णता बरी वाहते, बारीक आटा धरते, आणि पुन्हा पुन्हा वितळवता येते. एकेका गुणात पितळेहून सरस धातू आहेत. पण हे सारे गुण बेताच्या किमतीत एकत्र मिळतात म्हणून घड्याळाच्या चाकापासून इंजिनाच्या बुशिंगपर्यंत सगळीकडे पितळ जाऊन बसले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जस्त तोलून घालता येऊ लागले, पण त्याचा उकळण्याचा स्वभाव काही बदलला नाही. पितळ वितळते ते नऊशे अंशांच्या पुढेमागे, आणि ओतण्यासाठी त्याहून अधिक तापवावे लागते. म्हणजे जस्ताच्या उकळण्याची मर्यादा रोज ओलांडावी लागते. मूस उचलली आणि साच्यात धार धरली की हिरवट पांढरी ज्योत उठते आणि तिच्यामागून धुराचा लोट येतो. ज्या वाफेला जावरच्या कारागिरांनी नळीत उतरवले होते, तीच वाफ ओतशाळेत मोकळी सुटते. तिची वाट ओतणाऱ्याच्या तोंडावरून जाते.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम ही जगातल्या पितळकामाची राजधानी होती. गुंड्या, बिजागऱ्या, पलंग, दिवे, नळ, सारे तेथून जगभर जाई. १८३० च्या दशकाच्या आरंभी लीड्सचा डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा याने कामगारांच्या आजारांवर लिहिताना एका विचित्र तापाची नोंद केली. १८६२ मध्ये डॉक्टर एडवर्ड हेडलॅम ग्रीनहो याने त्यावर स्वतंत्र निबंध वाचला. त्या तापाला नावच पडले होते ‘पितळ ओतणाऱ्यांचा हिवताप’. दिवसभर ओतकाम करावे, संध्याकाळी तोंडाला गोडसर धातूची चव यावी, छातीत आवळल्यासारखे व्हावे, मग दात वाजवणारी थंडी, मग ताप, मग घामाच्या धारा. आणि एक-दोन दिवसांत सारे निवळावे.

आज याचे कारण कळले आहे. जस्ताच्या भस्माचे कण इतके सूक्ष्म असतात की ते फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात, आणि शरीर एखाद्या रोगजंतूशी झुंजावे तसे त्यांच्याशी झुंजते. ताप धूर घेतल्यानंतर काही तासांनी चढतो, म्हणून तो कारखान्यात येत नाही, घरी येतो. आणखी मोठी मौज अशी की रोज धूर घेणाऱ्याला शरीर थोडे सरावते. सुट्टीचा एक दिवस गेला की हा सराव मोडतो. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप हमखास. आमच्याकडच्या ओतशाळांत जुनी माणसे यावर दूध प्या, गूळ खा, असे सांगत. त्याने जिभेला बरे वाटते. फुप्फुसात गेलेला धूर परत येत नाही.

हा ताप माणसाला सहसा मारत नाही. आणि येथेच खरी अडचण आहे. हात तुटला तर तो दिसतो, नुकसानभरपाईचा दावा होतो. हा ताप सकाळी उतरलेला असतो. डॉक्टर तपासतो तेव्हा काही सापडत नाही. मालक म्हणतो, रविवारी जास्त घेतली असेल. कामगारही म्हणतो, ताप काय, रोजचाच आहे. ज्या दुखण्याची खूण राहत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याचा बंदोबस्तही होत नाही.

बर्मिंगहॅममध्ये हे मोजायला लावणाऱ्यांत विल्यम जॉन डेव्हिस या माणसाचे नाव घेतले पाहिजे. जन्म १८४८ चा. १८७२ मध्ये त्याने पितळकामगारांची संघटना उभी केली. १८८३ मध्ये सरकारने त्याला कारखाना निरीक्षक नेमले, आणि कामगारांतून आलेल्या पहिल्या काही निरीक्षकांत तो होता. १८८९ मध्ये तो पद सोडून पुन्हा संघटनेत आला. १९०५ मध्ये त्याने आणखी एक वेगळी गोष्ट केली. रॉबर्ट बेस्ट हा दिव्यांचा कारखानदार आणि पर्क्स नावाचे तिसरे गृहस्थ यांच्याबरोबर तो बर्लिनला गेला, तेथील पितळकामगारांचे वेतन, घरे, जेवण, शिक्षण पाहिले, आणि तिघांनी मिळून बर्लिन आणि बर्मिंगहॅम यांची तुलना करणारे पुस्तक काढले. मालक आणि संघटनेचा चिटणीस एकाच पुस्तकावर नाव घालतात, हे दृश्य आमच्या क्षेत्रात विरळा. १९१३ मध्ये तो ब्रिटिश कामगार संघटनांच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. त्याआधी १९०८ मध्ये इंग्लंडात पितळ ओतण्यासंबंधीचे खास नियम झाले होते, आणि धूर ओढून नेण्याची सोय असल्याशिवाय ओतकाम करू नये असे बंधन त्यांत आले. ग्रीनहोच्या निबंधापासून या नियमांपर्यंत ४६ वर्षे गेली.

पितळेला भोवणारी वाफ जस्ताचीच असते असे नाही. दुसऱ्या एका वाफेची गोष्ट आपल्याच देशातली आहे, आणि तिच्यात मार खाल्ला तो पितळेने. ब्रिटिश फौजेची काडतुसे येथल्या पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. कोणी हात लावलेला नाही, गोळी उडवलेली नाही, नुसती ठेवलेली काडतुसे लांबीच्या दिशेने फाटत. पावसाळा आला की हे घडे, म्हणून इंग्रजीत त्याला ‘ऋतूचा तडा’ अशा अर्थाचे नाव पडले. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेव्हा पुणेकरांना काडतूस ही वस्तू दूरची नाही. कारणाचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. काडतूस ओढून लांब करताना धातूत ताण कोंडून राहतो. वरून काही दिसत नाही. ते तबेल्यांजवळ साठवले, घोड्यांच्या मुतातून अमोनियाची वाफ उठली आणि पावसाळी ओल तिला मिळाली, की कोंडलेला ताण आणि ती वाफ मिळून धातू कणाकणांच्या सांध्यांतून फोडतात. दोहोंपैकी एकटे काहीच करू शकत नाही.

उपायही तितकाच साधा निघाला. तयार माल अडीचशे-तीनशे अंशांच्या बेताने काही वेळ तापवायचा. धातू मऊ पडत नाही, आकार बिघडत नाही, फक्त आतला ताण उतरतो. काडतूस तडकले की आधी ज्याने ते केले त्या कामगाराकडे बोट दाखवणे सोपे असते. दोष कामाच्या क्रमात एक पायरी कमी असण्याचा होता. गेल्या तीस वर्षांत ज्या ज्या चौकशी-समितीपुढे मी बसलो तेथे मला या काडतुसांची आठवण झाली आहे.

मुशीत वाफ होऊन उडणारे जस्त पितळेत बसल्यावर तरी स्थिर राहते का? तेही नाही. काही प्रकारच्या पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, पितळेतले जस्त हळूहळू विरघळून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, रंग तांबूस, बळ शून्य. आगबोटींच्या कंडेन्सर-नळ्यांना याने फार त्रास दिला. सत्तर-तीसच्या पितळेत एक टक्का कथील घालून खाऱ्या पाण्यात टिकणारी जात झाली. आणि काही शतांश टक्के आर्सेनिक घातले की हे जस्त झडणे जवळजवळ थांबते, असे आढळले. नळातल्या शिशाचा प्रश्न त्यानंतरचा. ज्या शिशाने लेथवाल्याचे काम हलके केले तेच अंशाअंशाने पिण्याच्या पाण्यात उतरते. म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये कायदा करून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागांतले शिसे सरासरी पाव टक्क्यावर आणले, आणि तो २०१४ च्या जानेवारीपासून लागू झाला. शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेल्या जाती पुढे आल्या. पाणी पिणाऱ्याची ही काळजी योग्यच आहे. मात्र जे शिसे पाण्यात थेंबाथेंबाने उतरते, ते मोड वितळवणाऱ्याच्या भट्टीवर जस्ताच्या धुराबरोबर हवेत येते, आणि जस्तासारखे ते एका रात्रीत शरीराबाहेर जात नाही. पाण्याचे प्रमाण ठरवणाऱ्यांनी भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचीही तेवढीच आठवण ठेवली पाहिजे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमात एक फार चांगले वाक्य होते. धूळ आणि धूर ओढून घेणारे साधन त्यांच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे, असा त्याचा आशय. ‘उगमाच्या जवळ’ हे शब्द मला सोन्याचे वाटतात. छपरातला पंखा म्हणजे उगमाजवळचे साधन नव्हे, कारण धूर छपरापर्यंत पोचण्याआधी माणसाच्या नाकातून जाऊन येतो. पण यंत्रशक्तीवर दहाहून कमी माणसे राबत असतील तर मूळ कायद्याच्या व्याख्येत तो कारखानाच ठरत नसे. २०२० च्या संहितेने ही संख्या वीस केली. पितळेची मोड वितळवणारे कितीतरी धंदे चार-सहा माणसांचे असतात. धूर मात्र माणसे मोजून निघत नाही.

एक अनुभव सांगतो. एका ओतशाळेत आम्ही भट्टीवर धूर ओढणारे हूड मागितले. मालकांचे उत्तर ठरलेले होते: छप्पर उंच आहे, खर्च परवडत नाही. बोलणी अडली. तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या ओताऱ्याने सुचवले की महिनाभर जस्त तोलून पाहू. किती घातले आणि मालात व मोडीत मिळून किती सापडले, हे दोन्हीकडच्या माणसांसमोर लिहायचे. महिना संपला आणि तूट निघाली. ती तूट म्हणजे मालकांच्या पैशाचा धूर होता. मग मुशीवर झाकण आले, वितळलेल्या धातूवर कोळशाची पूड पसरू लागली, आच पाहायला मापक आला आणि गरजेपेक्षा अधिक तापवणे थांबले. धूर निम्म्याहून कमी झाल्यासारखा दिसू लागला. हूड एका वर्षाने आले. सुट्टीनंतरचा ताप पुढच्या हंगामात कोणी बोलून दाखवला नाही.

यावरून मी एवढेच म्हणेन की धूर अडवण्याची विद्या नवीन नाही. जावरच्या माणसांनी आपल्या देशात वाफ एका मातीच्या नळीत उतरवली होती, कारण तिथे वाफ म्हणजेच माल होता. ओतशाळेत तीच वाफ तूट म्हणून गृहीत धरली गेली, कारण तिची किंमत दुसरा कोणीतरी आपल्या छातीतून देत होता. जी वाफ विकली जाते ती धरली जाते, हा आजवरचा नियम दिसतो. जी वाफ माणसाला लागते तीही धरली पाहिजे, हा नियम आपल्याला करायचा आहे. त्यासाठी नवा शोध लागायची वाट पाहण्याचे कारण नाही. झाकण, कोळशाची पूड, आच मोजण्याचे साधन आणि उगमाजवळ एक हूड, एवढ्यावर पुष्कळ काम होते. मोठ्या कारखान्यांत तर हा धूर पिशव्यांत गाळून घेतात, कारण ती पांढरी भुकटी रबराच्या धंद्यात खपते. मलमाच्या डबीत आणि रंगाच्या डब्यात असते ते जस्ताचे भस्मच.

आपल्या गावात कुठे पितळ ओतण्याची जागा असेल तर तिच्या छपराच्या वाशांकडे एकदा मान वर करून पाहा. तेथे पांढरी पूड जाड बसलेली असेल तर समजावे की अजून तोलायचे राहिले आहे. आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारावे, सोमवारी रात्री बरे वाटते का?